ह्याचा सा कुठाय?

गेल्या पावसाळ्यात आप्पा महिनाभर आमच्याकडे होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी टीव्ही-पेपर आठवडाभर बंद ठेवा म्हणून सांगितलं होतं, आप्पांनी ते महिनाभर पाळलं. ठरल्या वेळी डोळ्यांत थेंब घालायचे आणि बाकीचा दिवस कानांवर काढायचा. सकाळी आकाशवाणी, दुपारी अभंग आणि संध्याकाळी मी कामावरून आलो की मी लावीन ते. अशाच एका संध्याकाळी मी ऑर्नेट कोलमन या अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादकाचं 'लोनली वुमन' लावलं. पाचेक मिनिटांचं आहे. आप्पा काळा चष्मा लावून, मान जराशी उजवीकडे कलती करून ऐकत होते. पेटीवर बसलं की गाणाऱ्याकडे असा कान ठेवायची त्यांची जुनी सवय आहे. संपलं तेव्हा चांगलं म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं,

"ह्याचा सा कुठाय?"

वीस वर्षं मी हा माणूस ऐकतोय. त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलंय, मित्रांची डोकी खाल्लीयेत. इतका नेमका प्रश्न मला कधी सुचला नव्हता. पस्तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवलेल्या माणसाला तो पाच मिनिटांत सुचला, कारण त्याचं सगळं आयुष्य तेवढं एकच काम करण्यात गेलं: समोरचा कुठल्या पट्टीत उभा आहे ते शोधायचं आणि आपण तिथे जाऊन उभं राहायचं.

खरं सांगायचं तर कोलमनच्या गोष्टीची सुरुवातही याच प्रश्नाने होते. १९३० साली टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथे त्याचा जन्म झाला. वडील लहानपणीच गेले, घरची परिस्थिती ओढगस्तीची. चौदाव्या वर्षाच्या आसपास हातात अल्टो सॅक्सोफोन आला, पण शिकवायला कोणी नाही. पुस्तक समोर ठेवून एकट्याने शिकणं सुरू. पाश्चात्त्य स्वरांना ए, बी, सी अशी अक्षरांची नावं, आणि सॅक्सोफोनवर सुरुवातीला शिकतात ते सरळ सप्तक 'सी'पासूनचं. पोराने साधा हिशोब केला: अक्षरं ए पासून सुरू होतात, तेव्हा हा पहिला स्वर ए असणार. झालं. पुढे बराच काळ तो पुस्तकातलं सगळं एका वेगळ्याच जागेवरून वाजवत राहिला. शेवटी चर्चच्या बँडमध्ये चूक उघडी पडली आणि बँडप्रमुखाने सगळ्यांसमोर त्याचं हसं केलं, असं सांगतात.

यात एक गंमत आहे, आणि ती पेटीवाल्याला चटकन कळेल. अल्टो सॅक्सोफोनवर वादक ज्याला 'सी' म्हणतो तो स्वर पियानोवर शोधायला गेलात तर पांढरी एक, म्हणजे पियानोचा 'सी', नाही, काळी दोन सापडते. ट्रंपेटवाल्याचा 'सी' म्हणजे काळी पाच. वाद्यांची घडणच तशी. म्हणून पाश्चात्त्य वृंदात प्रत्येक वाद्यासाठी कागद वेगळा लिहावा लागतो. सगळ्यांना एकच स्वर ऐकू यावा म्हणून प्रत्येकाला वेगळं नाव सांगायचं. चौदा वर्षांच्या पोराला हा गुंता कोणी समजावून दिला नव्हता. मात्र नाव एक आणि स्वर दुसरा असू शकतो, ही गोष्ट त्याला स्वतःच्या फजितीतून कळली, आणि ती त्याने जन्मभर सोडली नाही.

माझीही एक फजिती आहे. बारा वर्षांचा होतो. आप्पांना ताप होता म्हणून एकादशीच्या भजनाला पेटीवर मला बसवलं. बुवा काळी दोनमध्ये गायचे हे मला पाठ होतं. पण हात थरथरत होता, अंधुक दिवा, आणि मी काळी एक धरून सुरावट सुरू केली. पखवाजवाल्याने माझ्याकडे बघितलं. पेटीला कळत नाही, माणसाला कळतं. माझ्या पोटात खड्डा पडला. बुवांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. अर्धा क्षण थांबले, माझ्या पट्टीत उतरले आणि अभंग उचलला. त्या रात्री सगळं भजन काळी एकमध्ये झालं. घरी जाताना म्हणाले, "आज खर्ज छान लागला." मला बोलले की माझी समजूत काढली, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

कोलमनला असे बुवा फार उशिरा भेटले. शाळेच्या बँडमधून त्याला हाकललं, कारण सरळसोट मार्च चालू असताना याने मध्येच आपल्या मनाचं वाजवायला सुरुवात केली. पुढे फिरत्या तमाशासारख्या एका खेळाबरोबर दक्षिणेकडची गावं पालथी घातली. तमाशासारखा म्हणतो, पण आपला तमाशा नव्हे. तंबू, विनोद, गाणी, नाच असा अमेरिकेतला मामला. लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये नाचाच्या कार्यक्रमात त्याचं वाजवणं लोकांना पसंत पडलं नाही. बाहेर नेऊन मारलं आणि त्याचा टेनर सॅक्सोफोन फेकून दिला. हे १९४९ च्या सुमाराचं. बेसूर वाजवतो म्हणून माणसाला रक्तबंबाळ करणारे श्रोते मला आकळत नाहीत. अर्थात काळा, केस वाढवलेला, विचित्र कपड्यांतला तरुण मारायला त्यांना सुरांचं निमित्त किती लागलं असेल, हाही प्रश्नच आहे.

मग लॉस एंजेलिस. तिथे एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये लिफ्टमन म्हणून नोकरी. गर्दी नसली की हा लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन थांबवायचा आणि आत बसून संगीतशास्त्राची पुस्तकं वाचायचा. मला हे चित्र फार आवडतं. लोखंडी जाळीचा दरवाजा ओढून घेतलेला, खाली कोणीतरी बटण दाबतंय, आणि वर एक माणूस हार्मनीचे, म्हणजे स्वर एकत्र कसे लावायचे त्याचे, नियम वाचतोय, ते कुठे मोडतील ते शोधत. जाळी माझ्या पदरची आहे, बाकी खरं.

'लोनली वुमन'ही त्याच नोकरीच्या दिवसांतलं. जेवणाच्या सुट्टीत तो एका चित्रांच्या गॅलरीत शिरला. तिथे एका गोऱ्या, श्रीमंत बाईचं चित्र होतं. जगात मागावं ते सगळं तिच्यापाशी होतं आणि चेहरा मात्र कमालीचा एकटा. असा एकटेपणा आपण कधी बघितला नव्हता, असं त्याने फार वर्षांनी सांगितलं. घरी जाऊन त्याने ही धून लिहिली.

१९५४ मध्ये जुना सॅक्सोफोन मोडकळीला आला. पितळी घ्यायला पैसे नव्हते म्हणून त्याने प्लास्टिकचा घेतला. ग्राफ्टन कंपनीचा, इंग्लंडमध्ये बनलेला, पांढराशुभ्र, खेळण्यातल्यासारखा. जॅझमधला दिग्गज सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यानेही १९५३ मध्ये टोरोंटोच्या प्रसिद्ध मैफलीत ग्राफ्टनच वाजवला होता, पण पार्करने काहीही वाजवलं तरी कोणी हसत नसे. कोलमनला हसले. पुढे त्याला प्लास्टिकचा तो कोरडा, घुमारा नसलेला आवाजच आवडायला लागला. फुंकर आणि स्वर यांच्यामध्ये काही आडवं येत नाही, असा तो आवाज आहे. आपल्याकडे सॅक्सोफोन म्हटलं की मनोहारी सिंग यांनी हिंदी गाण्यांत वाजवलेले रेशमी तुकडे कानात येतात. त्या कानाने कोलमन ऐकायला गेलात तर पहिल्या मिनिटाला वाटतं, कोणीतरी दारात उभं राहून रडवेल्या आवाजात हाका मारतंय.

त्याला साथीदार मिळाले तेही लॉस एंजेलिसमध्येच. डॉन चेरी, हातात मावेल एवढा छोटा ट्रंपेट वाजवणारा. बिली हिगिन्स ड्रमवर. आणि डबल बास वाजवणारा चार्ली हेडन. हेडन आयोवामधल्या गायकांच्या घरातला. रेडिओवरच्या कौटुंबिक कार्यक्रमात दुडदुडत्या वयापासून लोकगीतं गायचा. पंधराव्या वर्षी पोलिओ झाला, गळा गेला, मग तो बासकडे वळला. कोलमनच्या खोलीवर पहिल्यांदा गेल्याची हकिकत तो पुढे आयुष्यभर सांगायचा. खोलीभर कागद. गालिच्यावर, पलंगावर, सगळीकडे हाताने लिहिलेल्या सुरावटी. दार उघडायला जागा नाही. कोलमनने त्यातला एक कागद उचलला आणि सांगितलं, की ही धून, हे मी लिहिलेले कॉर्ड, म्हणजे धुनेखाली एकदम वाजवायचे स्वरांचे गुच्छ. पण वाजवायला लागलास की हे सोडून दे आणि ऐकू येईल त्याप्रमाणे तुझे तू शोध. हेडनला तोवर सगळ्यांनी उलटं सांगितलं होतं. दोघे दिवसभर वाजवत बसले.

जॅझमध्ये तेव्हा रिवाज असा होता: धून एकदा वाजवायची, मग त्या धुनेखालच्या कॉर्डची साखळी पुन्हा पुन्हा फिरत राहणार आणि प्रत्येकाने त्या साखळीला धरून उपज करायची. कोलमनने साखळीच काढून टाकली. पियानोही काढला, कारण पियानो असला की तो सतत सांगत राहतो तुम्ही कुठे आहात. उरलं काय? धून, लय आणि एकमेकांचे कान. धून संपल्यावर सॅक्सोफोन जिकडे वळेल तिकडे बासने जायचं, किंवा जायचं नाही, दोन्हीची मुभा.

२२ मे १९५९ ला हॉलिवूडच्या स्टुडिओत या चौघांनी 'लोनली वुमन' ध्वनिमुद्रित केलं. नीट ऐका. हिगिन्सची झांज द्रुत चालली आहे, घाईत असल्यासारखी. हेडन दोन तारा एकदम छेडत एकाच स्वरावर घुटमळतोय, जवळजवळ तानपुऱ्यासारखा. आणि या दोघांवर सॅक्सोफोन व ट्रंपेट मिळून संथ, विलापासारखी धून म्हणताहेत, जिला खालच्या लयीशी काही देणंघेणं नाही असं वाटतं. दोघे एकत्र म्हणतात, पण काटेकोर एकत्र नाही. एखाद्या गावच्या काकड आरतीत शंभर माणसं एकच ओळ म्हणतात आणि प्रत्येकाचा 'विठ्ठला' किंचित पुढेमागे पडतो, तसं काहीतरी. ध्वनिमुद्रणाच्या भाषेत ही चूक आहे. मला तरी तिथेच काटा येतो.

त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला हे चौघे न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबमध्ये उभे राहिले. दोन आठवड्यांचा करार दोन महिन्यांवर गेला. रोज रात्री क्लब भरायचा, आणि भरायचा तो भांडायला. प्रसिद्ध वृंदसंचालक लिओनार्ड बर्नस्टाइन येऊन मिठी मारून गेला. दुसरीकडे जुन्याजाणत्यांनी ही शुद्ध बनवाबनवी आहे असं सांगितलं. एका नामवंत ड्रमरने तर तोंडावर ठोसा लगावला म्हणतात. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने कोलमनच्या डोक्याबद्दलच शंका घेतली. गंमत म्हणजे कोलमन सगळ्यांशी अत्यंत हळू, मऊ आवाजात बोलायचा. भांडण करावं तर समोरचा माणूस हाताशी लागत नाही, अशी विरोधकांची पंचाईत.

'फ्री जॅझ' या तबकडीबद्दल मात्र मला माझी लाज सांगितली पाहिजे. २१ डिसेंबर १९६० ला न्यूयॉर्कमध्ये त्याने एक नाही, दोन चौकड्या एकदम वाजवायला उभ्या केल्या. आठ माणसं, सदतीस मिनिटं, सलग. स्टिरिओ तेव्हा नवं होतं, म्हणून एक चौकडी डाव्या बाजूला, दुसरी उजव्या. डावीकडे स्वतः कोलमन, चेरी, स्कॉट लाफारो, हिगिन्स. उजवीकडे एरिक डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, हेडन आणि एड ब्लॅकवेल. मी हे पहिल्यांदा ऐकलं ते नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत, लोकलमध्ये, फूटपाथवरून घेतलेल्या इअरफोनवर. दोन-तीन महिने ऐकलं. मित्रांना सांगत सुटलो की कोलमनचा सूर इथे कसा खोल, लाकडी झालाय, जणू वाद्यच बदललंय. नंतर कळलं की माझ्या इअरफोनची डावी बाजू मेलेली होती. मी ऐकत होतो तो डॉल्फीचा बास क्लॅरिनेट होता. ज्या माणसाचा मी भक्त म्हणवत होतो तो त्या सगळ्या काळात माझ्या कानात आलाच नव्हता, आला असेल तर पलीकडून झिरपून.

आणि तरीही ते वादन मला पुरं वाटलं होतं, हे विशेष. चौघांची एक मैफल, नीट चाललेली. नवा इअरफोन घेतल्यावर दोन्ही बाजू एकदम आल्या तेव्हा पहिल्यांदा तर गोंगाट वाटला, मग हळूहळू उजवीकडचा डावीकडच्याला कुठे उत्तर देतोय ते ऐकू यायला लागलं. एका बैठकीत शेवटपर्यंत ऐकणं मला अजूनही जड जातं, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्यांबरोबर वाजवण्याची त्याची हौस पुढे वाढतच गेली आणि तिला धरबंध राहिला नाही. १९६६ मध्ये त्याने ड्रमवर स्वतःच्या मुलाला बसवलं. डेनार्डो, वय वर्षं दहा. टीकाकारांनी डोक्याला हात लावला. पोराला ताल सांभाळता येत नाही म्हणाले. बापाचं म्हणणं असं की त्याला अजून कोणी 'असं वाजवायचं नसतं' हे शिकवलेलं नाही. ती तबकडी मी कौतुकाने ऐकतो, आनंदाने नाही. पण डेनार्डो बापाच्या अखेरपर्यंत बापाच्या ड्रमवर होता, आणि उत्तम होता. स्वतः कोलमनही मध्येच ट्रंपेट आणि व्हायोलिन शिकला, न शिकवता. व्हायोलिन तर डावखुरं.

१९७२ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर 'स्काइज ऑफ अमेरिका'. त्यात तो आपली 'हार्मोलोडिक्स' नावाची विचारपद्धती वापरतो. तिच्यावर त्याने बरंच बोलून ठेवलंय आणि त्यातलं निम्मं मला कळत नाही. कळतं ते असं: हार्मनी, लय आणि धून यांच्यात कोणी धाकटं नाही. आणि एकच लिहिलेली ओळ प्रत्येकाने आपापल्या वाद्याच्या नावाने वाजवावी, पट्टी जुळवून न घेता. म्हणजे कागदावर सगळे एकच 'सी' वाचतात. ऐकू येतात पांढरी एक, काळी दोन, काळी पाच, सगळे एकदम. त्याच्या लेखी हा एकसूर. फोर्ट वर्थच्या पोराची चूक लंडनच्या वृंदाने कागदावरून वाजवली, असं मला ते ऐकताना वाटतं. तिथेही नशीब आडवं आलं ते आलंच: तिथल्या युनियनच्या नियमांमुळे त्याच्या स्वतःच्या साथीदारांना बरोबर वाजवता आलं नाही.

पुढल्याच जानेवारीत तो मोरोक्कोतल्या जजूका या डोंगराळ गावी गेला. तिथले वादक पिढ्यान्‌पिढ्या एक सनईच्या जातीचं वाद्य वाजवतात, घोळक्याने, ढोलांच्या गजरात. प्रत्येकाची सनई कणभर वेगळ्या सुरात. त्यामुळे एक सपाट सूर न येता हवेत थरथरणारा, जाडजूड सूर तयार होतो. कोलमन त्या घोळक्यात सॅक्सोफोन घेऊन घुसला. त्यातले साडेचार-पाच मिनिटं पुढे तबकडीवर आले. इथे त्याला पट्टी विचारणारं कोणी नव्हतं, आणि त्याचा आवाज इतका घरच्यासारखा मला दुसरीकडे कुठेच वाटत नाही.

नंतरची यादी मोठी आहे. 'प्राइम टाइम' हा विजेच्या गिटारींचा ताफा. त्यात पुढे बंगाली तबलावादक बादल रॉयही होते. गिटारवादक पॅट मथीनीबरोबर तबकडी, ग्रेटफुल डेड या रॉक वाद्यवृंदाबरोबर मंच. सगळं जमलं असं नाही. १९९७ मध्ये पॅरिसच्या एका महोत्सवात त्याने तत्त्वज्ञ जाक देरिदा यांनाच मंचावर बोलावलं. कोलमन वाजवतोय आणि देरिदा कागदावरचं वाचताहेत. लोकांनी हुर्यो उडवली. देरिदा मंचावरून उतरले. लोकांची चूक होती असंही मला म्हणवत नाही. तिकीट काढून गेल्यावर मीही कदाचित ओरडलो असतो. पण ते निमंत्रण देणारा माणूस कसा होता ते यातून दिसतं. ज्याला स्वतःला इतक्या मंचांवरून हुसकावलं, तो दुसऱ्याला वर घ्यायला मागेपुढे बघत नसे. २००७ मध्ये त्याला संगीतासाठीचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, २०१५ मध्ये तो गेला, पंच्याऐंशी वर्षांचा होऊन.

सुरात राहूनही स्वर चढा लावता येतो आणि सुरात राहूनही उतरा लावता येतो, असं तो म्हणायचा. पाश्चात्त्यांना हे कोडं वाटलं. आपल्याला वाटू नये. अतिकोमल गंधारासाठी जीव टाकणारी माणसं आपण. त्याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० पासून पुढची तीस वर्षं पेटीला दारात उभं केलं नव्हतं: तिचे स्वर ठोकलेले, मधल्या जागा तिला माहीत नाहीत. आप्पा त्या बंदीचा विषय निघाला की अजून चिडतात. पण आपल्याकडे श्रुती हलल्या तरी षड्ज हलत नाही. तानपुरा बसलेला असतो, सगळे त्याच्या घरी येतात. कोलमनच्या चौकडीत प्रत्येकजण आपला सा खिशात घालून आलेला असतो, आणि वाजवता वाजवता कोणाचा सा कोणी उचलायचा ते ठरतं.

हे सगळं मी आप्पांना त्या संध्याकाळी सांगितलं, वकिलासारखं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते असू दे. पेटी कुठंय?"

पेटी कपाटावर होती, चादरीत गुंडाळलेली. खाली काढली, पुसली. भाता जरा फुसफुसत होता. "लाव पुन्हा," म्हणाले. "आणि ते खालचं वाद्य आहे ना, घुमणारं, त्याच्याकडे लक्ष दे."

हेडनच्या तारा सुरू झाल्या. आप्पांनी एकदा पट्ट्यांवरून नुसतं बोट फिरवलं आणि पांढरी दोनवर ठेवलं. बसलं. "हा घे तुझा सा," म्हणाले. "सॅक्सोफोनवाल्याकडे कशाला शोधत होतो आपण?" मग सॅक्सोफोनची धून आली, तशी त्यांनी भाता हलका केला आणि मागोमाग चालायला लागले. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. एका लांब स्वरावर ते अडले. एका पट्टीवर बोट ठेवलं, उचललं. शेजारच्या पट्टीवर ठेवलं, तेही उचललं. मला वाटलं आता म्हणतील, चढा लागलाय तुझा कोलमन.

"थांबव," म्हणाले. मी थांबवलं. त्यांनी चष्मा सारखा केला, भात्याची कडी लावली.

"पावसाळ्यात हिचे सूर उतरतात रे. दिवाळीआधी दुरुस्तीला टाक. मग बघू."